दिवटे चौकातली रहाड आणि तीन टनांची ओंजळ

"मॅडम, इथे खाली काहीच नाही," जीपीआरचा ऑपरेटर म्हणाला.

मला बरं वाटलं. खाली काही नाही म्हणजे केबल नाही, पाण्याची लाइन नाही, ड्रेनेज नाही. जुन्या नाशकात अशी जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. मी वहीत तसं लिहायलाही घेतलं.

"तसं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "खाली मातीच नाही."

जीपीआर म्हणजे गवत कापायच्या मशीनसारखी दिसणारी ढकलगाडी. ती जमिनीत रेडिओ लहरी सोडते. त्या आदळून परत येतात आणि खालच्या थरांच्या रेघा स्क्रीनवर उमटतात. दिवटे चौकाच्या मधोमध या रेघा एकदम तुटल्या होत्या. डांबराखाली दीडेक फुटावर एक पातळ थर होता आणि त्याखाली बारा फूट बाय बारा फुटांची पोकळी. कडा इतक्या सरळ की कुणीतरी पट्टी लावून आखल्यासारख्या. ऑपरेटरच्या मते तो जुना सेप्टिक टँक असावा.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. तीस वर्षं नाशकातच प्रॅक्टिस करते. त्यातली वीस अंबडच्या कारखान्यांत गेली. शेड, क्रेनचे गर्डर, मशीनची फाउंडेशन्स हे माझं रोजचं काम. कलेशी संबंध म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरीची परीक्षा, तीही बी ग्रेड. पण शहर सुशोभीकरणाच्या समितीला दिवटे चौकात एक आधुनिक शिल्प उभारायचं होतं, आणि ते उभं राहील की पडेल हे सांगणारी सही हवी होती. त्या सहीसाठी मला बोलावलं होतं.

प्रस्ताव चार आले होते. एकात तीस फुटांचा स्टीलचा पिळा होता, रंगीत दिव्यांसकट. एकात आरशांची भिंत. ती पश्चिमेचं ऊन थेट समोरच्या दुकानांत पाठवणार होती. तिसरा फायबरचा होता. त्याबद्दल समितीत कुणीच काही बोललं नाही. चौथा रेवती भोरचा.

रेवती घोटीची. वडील भाताच्या गिरणीवर फिटर होते, त्यामुळे पान्याची आणि वेल्डिंगची भीती तिला लहानपणापासून नव्हती. शिल्पकलेचं शिक्षण मुंबईत घेऊन ती परत आली आणि अंबडला अस्लमभाईंच्या फॅब्रिकेशन शेडचा एक कोपरा घेऊन काम करू लागली. पस्तिशीची असेल. तिच्या प्रस्तावात काळ्या पाषाणाचे अकरा दगड एकावर एक रचलेले होते, बरोबर चौकाच्या मधोमध. उंची सोळा फूट. वजन अठरा टन. समितीने एकमताने तोच निवडला. दगड खाणीतून निघाले होते, ते उचलायची हायड्रा क्रेनही ठरली होती. राहिली होती फक्त माझी सही.

मी समितीच्या कामाचे अधिकारी जाधवसाहेब यांना तिथूनच फोन केला. जाधवसाहेब माणूस चांगला. पण मार्चअखेर तोंडावर आलेली, आणि वरून रोज विचारणा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे तोडगा सांगितला. पोकळी आहे ना, मग काँक्रीट ओतून भरून टाकू. दोन दिवसांचं काम.

इंजिनिअरिंगच्या दृष्टीने त्यात चूक काही नव्हतं. पोकळी भरली की प्रश्न मिटतो. मीही मनात हिशोब करू लागले, किती घनमीटर लागेल याचा.

तेवढ्यात समोरच्या तांब्याच्या दुकानातून एक म्हातारे गृहस्थ उठून आले. धोतर नव्हे, पायजमा, वर बंडी, हातात लाकडी हातोडी. दामूअण्णा तांबट. वय ऐंशी. ते बराच वेळ आमची ढकलगाडी बघत होते.

"काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, जुनी टाकी दिसतेय.

"टाकी नाही बाई," अण्णा म्हणाले. "रहाड आहे ती. तुम्ही तिच्या डोक्यावर उभ्या आहात."

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. जुन्या नाशकातल्या काही चौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत. पेशव्यांच्या काळापासूनचे, असं मानतात. त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर ती लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेली असते. वरून रस्ता वाहतो. फक्त रंगपंचमीला उघडायची. मान असलेलं घराणं पूजा करतं, पाण्यात फुलांचा उकळलेला रंग पडतो, आणि मग लोक त्यात उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. दिवस संपला की रहाड पुन्हा झाकायची. नाशिककर म्हणून हे मला ठाऊक होतंच. चालू असलेल्या रहाडी मी बघितल्या होत्या. दिवटे चौकात एक बंद पडलेली आहे, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याच नकाशावर ती नव्हती.

अण्णांच्या घराण्याकडे तिचा मान होता. एका दुष्काळी साली प्यायलाच पाणी नव्हतं म्हणून ती उघडली नाही. पुढच्या वर्षी चौकात डांबर पडलं. डांबर कोण खणणार, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू, असं करत पन्नासहून जास्त वर्षं गेली. शेवटचा धप्पा मारला तेव्हा अण्णांचं नुकतंच लग्न झालं होतं. आता चौकात ती बघितलेले ते एकटेच उरले होते.

मी जाधवसाहेबांना पुन्हा फोन केला आणि सांगितलं की ती उघडून बघितल्याशिवाय मी काहीच लिहून देणार नाही. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही प्रश्न वाढवताय. मी म्हटलं, प्रश्न आहे तेवढाच आहे, फक्त आता तो दिसायला लागलाय.

खरी अडचण अण्णांची होती. त्यांना रहाड भरली जावी असं मुळीच वाटत नव्हतं, पण रंगपंचमी सोडून इतर दिवशी उघडायलाही ते तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन बसले. डांबराखालचं लाकूड कसं झालंय हे कुणालाच माहीत नाही, आणि वरून रोज दुधाचे टँकर जातात, इतकंच मी सांगितलं. अण्णा हातातलं घंगाळ फिरवत ठोकत राहिले. मग म्हणाले, "आजारी आहे की नाही ते बघायला वैद्याला वार लागत नाही. उघडा. पण नारळ मी फोडणार, आणि उतरताना चपला काढायच्या."

चौक दोन दिवस बंद ठेवला. डांबर कापलं, खडी काढली, माती काढली. त्याखाली सागाचे ओंडके एकाला एक लावून निजवलेले होते. पंधरा-पंधरा फुटांचे. मी पहिल्याच ओंडक्यावर दोरी ताणून बाक मोजला. वजनाखाली तुळई मधोमध जेवढी खाली वाकते, तो तिचा बाक. तो नऊ मिलिमीटर भरला. मी पुन्हा मोजला. नऊच. अर्धं शतक शहराने या लाकडांवरून टँकर, विटांचे ट्रक, मिरवणुकांचे रथ नेले होते, आणि ती बोटभरही वाकली नव्हती. अंबडमध्ये मी डिझाइन केलेले काही स्टीलचे गर्डर याहून जास्त वाकतात.

सगळंच चांगलं होतं असं नाही. पूर्वेकडचे दोन ओंडके टोकाला कुजलेले निघाले. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. एका गटाराचं पाणी वर्षानुवर्षं तिथे झिरपत होतं. हायड्रा चौकात येऊन नेमकी त्याच बाजूला उभी राहणार होती. ती, तिच्या हुकाला लटकलेला दगड, आणि खालची माणसं. मी तो विचार तिथेच थांबवला आणि जाधवसाहेबांना तो कुजका भाग हाताने दाबून बघायला लावला. त्यांनी दाबला. त्यानंतर काँक्रीटचं नाव त्यांनी काढलं नाही.

ओंडके निघाले. अण्णांनी नारळ फोडला. वारा आत जाऊ दिला, गॅस तपासला, शिडी लावली, आणि मी अनवाणी खाली उतरले. पाठोपाठ रेवती.

दहा फूट खोल. चारी बाजूंनी काळा पाषाण, घडवून बसवलेला. माझ्याकडे नेहमी फीलर गेज असतो. कागदासारख्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. मशीनच्या दोन भागांत किती फट आहे ते त्याने मोजतात. दोन दगडांच्या सांध्यात मी सगळ्यात पातळ पातं घालून बघितलं. गेलं नाही. दुसऱ्या सांध्यात घातलं. तिथेही नाही. मी गुडघ्यावर बसून भिंतीच्या बाजूने सरकत राहिले आणि एकामागून एक सांधे तपासले. तपासणी म्हणून सुरू केलं होतं. नंतर मात्र मी ते कशासाठी करत होते ते मलाही सांगता येणार नाही. कुणीतरी, केव्हातरी, हातातल्या छिन्नीने हे घडवलं होतं. वर्षातून एक दिवस उघडणाऱ्या, रंगाच्या पाण्याने भरलेल्या, कुणाला दिसणारही नाहीत अशा भिंतींसाठी.

रेवती एका कोपऱ्यात उभी होती. तिने मला हाक मारली नाही, नुसता हात केला. छातीच्या उंचीवर भिंतीत एक रेघ होती. रेघेच्या वर दगड काळा. खाली छिन्नीच्या प्रत्येक घावात फिकट केशरी रंग मुरलेला. पाण्याची पातळी. किती रंगपंचम्यांचा रंग तो, मोजायला साधन नाही. मी ती रेघ बोटाने चाचपली. बोटाला काही लागलं नाही. रंग आता दगडाचाच झाला होता.

वर आल्यावर रेवती बराच वेळ कडेला पाय सोडून बसली. मग मला म्हणाली, "मॅडम, माझे दगड इथे नाही उभे करायचे. याच्या डोक्यावर दगड ठेवायची माझी लायकी नाही."

मी तिला समजावलं की थोडं बाजूला सरकवून पाया घेतला तर जमेल. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

त्या आठवड्यात मी रहाडीची आणखी एक चाचणी घेतली. नवी पाण्याची टाकी बांधली की आम्ही ती भरतो, पातळी खुणावतो आणि ठरावीक काळाने किती उतरली ते बघतो. मर्यादेपेक्षा जास्त उतरली की काँट्रॅक्टरला पुन्हा काम करावं लागतं. टँकरने पाणी आणून रहाड त्या केशरी रेघेपर्यंत भरली. तीन दिवसांनी पातळी मोजली. ती पास झाली, तीही सहज. मी देखरेख करून बांधून घेतलेल्या किती नव्या टाक्या या चाचणीत पहिल्या खेपेला नापास झाल्यात, हे मी त्या रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.

समितीची पुढची बैठक वादळी होईल असं जाधवसाहेबांना वाटत होतं. झाली नाही. त्यांनी आदल्या दिवशी सगळ्या सदस्यांना रहाडीत उतरवलं होतं. बैठकीत आवाज चढवायला कुणी तयारच नव्हतं. रहाड राहणार, कुजके ओंडके बदलणार, हे दहा मिनिटांत ठरलं. जाधवसाहेबांनी मुदतवाढीसाठी वर स्वतः पत्र लिहिलं. रेवतीने नवा प्रस्ताव द्यायला तीन आठवडे मागितले. ते मिळाले.

त्या तीन आठवड्यांत ती रोज अण्णांच्या दुकानात जाऊन बसायची. पत्रा कसा तापवतात, कसा ठोकतात, हातोडीचे घाव एकाशेजारी एक कसे बसवतात, हे ती शिकत होती. मग एक दिवस ती माझ्या ऑफिसात आली आणि टेबलावर एक मॉडेल ठेवलं. तांब्याची एक उथळ ओंजळ, ना चेहरा ना बोटं, फक्त पाणी धरायला हात पुढे करतो तसा आकार. प्रत्यक्षात ती सोळा फूट रुंद असणार होती. चौकाच्या कोपऱ्यात एकच खांब. त्यावर आडवा दांडा, दांड्याच्या एका टोकाला ओंजळ, दुसऱ्या टोकाला तोल सांभाळायला तिच्याच अकरा दगडांपैकी एक दगड. ओंजळ रहाडीच्या बरोबर वर यायची. सगळं मिळून तीन टन.

इथपर्यंत मला आवडलं. मग तिने मॉडेलला बोट लावलं आणि ओंजळ खांबाभोवती फिरून बाजूला गेली. खांबाच्या टोकाला तिने सायकलचा हब बसवला होता.

मी नाही म्हटलं. गर्दीच्या चौकात तीन टनांची हलणारी वस्तू, हे वाक्य मी कुठल्याच कागदावर लिहू शकत नव्हते. फिक्स ठेव, म्हटलं. तिने कारण सांगितलं. ओंडके पंधरा फुटांचे आहेत, ते उभे करून काढावे लागतात. वर ओंजळ असली तर ते निघणारच नाहीत. म्हणजे रहाड पुन्हा बंद. कारण बिनतोड होतं. तरी मी नाहीच म्हटलं.

"अण्णा सांगत होते," ती म्हणाली, "धप्पा मारताना खाली नाही बघायचं, वर बघायचं. त्या दिवशी वर आभाळ पाहिजे, मॅडम."

मी म्हटलं, आभाळाची जबाबदारी माझ्यावर नाही. ती मॉडेल टेबलावर ठेवूनच निघून गेली. पुढचे चार दिवस मी फोनवर बोलताना ते बोटाने फिरवत होते. पाचव्या दिवशी मी स्वतःच अंबडला गेले.

अस्लमभाईंनी शेडमध्ये पूर्ण मापाचा सांगाडा उभा केला होता. तांब्याचा पत्रा अजून चढायचा होता, त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ओंजळीत भरली होती. खांबावर त्यांनी स्लूइंग रिंग बसवली होती. क्रेनची केबिन ज्या मोठ्या कडीवर गोल फिरते, तीच ही कडी. आत पोलादी गोळ्या, वर ग्रीस. गेली वीस वर्षं मी अशा कड्यांची फाउंडेशन्स करत आले होते, आणि सायकलच्या हबात मला ती ओळखू आली नव्हती. अण्णाही आले होते, पत्र्याची मापं घ्यायला. रेवतीने त्यांना म्हटलं, ढकला. त्यांनी एका हाताच्या तळव्याने दांडा ढकलला. तीन टनांचा तो पसारा हलला आणि आवाज न करता फिरत गेला.

मी यंत्रांत आयुष्य काढलं आहे. त्यामागचं गणित मला पाठ आहे. तरी मी अण्णांना पुन्हा ढकलायला लावलं. ऐंशी वर्षांचा माणूस आणि त्याच्या तळव्यापुढे नमतं घेणारे तीन टन.

मग आम्ही जेवायला बसलो. डबे उघडतोय तोवर अस्लमभाई उठून उभे राहिले.

"मॅडम, वो देखो. किसीने हात लावला नाही."

सांगाडा आपोआप फिरत होता. अगदी हळू, घड्याळाच्या काट्यासारखा, पण फिरत होता. चौथाई फिरून शेडच्या पश्चिम बाजूला येऊन थांबला. रेवतीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला कळलं होतं की मला नकाराला हवं होतं ते निमित्त मिळालं आहे.

कारण साधं होतं. खांब ओळंब्यात नव्हता, किंचित पश्चिमेला कललेला. दांड्याचा तोलही शंभर टक्के साधलेला नव्हता. त्यामुळे जड बाजू उताराकडे जात होती. शेडमध्ये हे गमतीचं वाटतं. रंगपंचमीच्या गर्दीत नाही. अस्लमभाई म्हणाले, खांब एकदम सरळ करू, तोल एकदम बरोबर करू. मी म्हटलं, एकदम सरळ असं जगात काही नसतं. आज सरळ केला तरी पाच पावसाळ्यांनंतर तो कुठल्या बाजूला कलेल हे मी सांगू शकत नाही. आणि जे सांगता येत नाही त्यावर सही होत नाही.

अण्णा डब्यातली भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "आमच्या दुकानाचं दार आपोआप लागतं. आजोबांनी बिजागरी तिरकी बसवलीय. मुद्दाम. नाहीतर गाय आत यायची."

त्यांना गायीबद्दल सांगायचं होतं. मी मात्र डबा तसाच ठेवून कॅल्क्युलेटर काढला.

खांब सरळ ठेवायचाच कशाला? कुठे कलेल याची भीती असेल तर आपणच कलवून ठेवावा, आपल्याला हव्या त्या बाजूला. ओंजळीची बाजू जरा जड ठेवायची आणि खांब मीटरला तीन मिलिमीटर कललेला, रहाडीपासून चौथाई फेरा दूरच्या बाजूला. डोळ्याला ते दिसणारही नाही. मग ओंजळ नेहमी रहाडीपासून दूर जायलाच बघेल. वर्षभर ती दोन पोलादी पिनांनी रहाडीवर अडकलेली राहील. रंगपंचमीला पिना काढल्या की स्वतःच बाजूला होईल. गर्दीच्या दिवशी काहीही निकामी झालं तरी जड वस्तू माणसांवर न येता माणसांपासून दूर जाईल. आमच्या भाषेत याला फेल-सेफ म्हणतात. बिघडलं तरी सुरक्षित बाजूलाच बिघडेल अशी रचना.

रेवतीला मी हे कागदावर काढून दाखवलं. तिने कागद घेतला, बघितला, आणि मग पहिल्यांदा हसली.

पुढचे दोन महिने तपासण्यांत गेले. कोपऱ्यातला पाया सहा फुटांवरच्या कठीण खडकात नेऊन अँकर केला, रहाडीच्या भिंतीपासून दहा फूट दूर. ओंजळीला वीस माणसं लोंबकळली असं धरून तेवढं वजन टांगलं. मी गणिताने चौदा मिलिमीटर बाक काढला होता, प्रत्यक्षात तेरा आला. अण्णा आणि त्यांच्या आळीतले चार तांबट कारागीर रोज सकाळी अंबडला यायचे आणि पत्रा ठोकायचे. आळीतले बाकीचे कारागीर केव्हाच दुसऱ्या कामांना लागले होते. त्यातले दोघं रविवारी यायला लागले, न बोलावता. ओंजळीवरचे हातोडीचे घाव जवळून बघितले तर प्रत्येकाचा हात वेगळा ओळखू येतो, असं अण्णा म्हणतात. मला येत नाही. पण सकाळचं ऊन पडलं की तो सगळा पत्रा माशाच्या खवल्यांसारखा हलतोय असं वाटतं.

मुदतवाढ, मंजुऱ्या आणि पावसाळा यांत वर्ष गेलं. शिल्प हिवाळ्यात उभं राहिलं. मी सही केली.

रंगपंचमीला मी सकाळीच चौकात गेले. डांबराच्या जागी आता दगडी फरशा होत्या, उचलता येण्याजोग्या. बॅरिकेड लावले होते, जाधवसाहेब स्वतः त्यांच्यापाशी उभे. गच्च्या माणसांनी भरलेल्या. अण्णांनी पूजा केली. मी आणि अस्लमभाईंनी दोन्ही पिना काढल्या आणि मागे झालो.

काही सेकंद काहीच झालं नाही. मग ओंजळ निघाली. कुणी हात न लावता, चालत्या माणसापेक्षाही हळू, ती रहाडीवरून बाजूला होत गेली. तिची सावली लोकांच्या अंगावरून सरकत गेली. एवढ्या गर्दीत ढोल वाजवणाऱ्यांनी हात थांबवले, ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. चौथाई फिरून ती आपल्या जागी येऊन थांबली आणि मधोमध, वर, नुसतं आभाळ उरलं.

फरशा उचलल्या, ओंडके उभे करून काढले. पाणी आणि फुलांचा केशरी रंग त्या जुन्या रेघेला बरोबर जाऊन भिडला. पहिला मान अण्णांचा. त्यांना डॉक्टरांनी उडी मारायला मनाई केली होती. ते शिडीने उतरले, छातीभर पाण्यात उभे राहिले, चेहरा वर केला आणि तसेच राहिले. दोन मिनिटं असतील. कडेने कुणी घाई केली नाही. मग त्यांनी हात हलवून रेवतीला बोलावलं, आणि घोटीच्या त्या मुलीने दिवटे चौकात पन्नासहून अधिक वर्षांनंतरचा पहिला धप्पा मारला. माझी पांढरी ओढणी आजही केशरी आहे. धुऊन जात नाही.

माझ्या सर्टिफिकेटची मुदत पाच वर्षं आहे. त्यानंतर शिल्पाची फेरतपासणी करावी, असं मी त्यात लिहिलं आहे. रहाडीसाठी तशी ओळ लिहायला घेतली होती, पण ती बांधणाऱ्यांपुढे आपण मुदत कसली घालायची, म्हणून तिथे फक्त 'स्थिती उत्तम' एवढंच लिहिलं.

बाकी या प्रकरणातून मी शिकले ते इतकंच. जमिनीखाली काय आहे हे आधी तिथल्या माणसाला विचारावं, मग मशीनला. उलट क्रमाने विचारलं तरी उत्तर तेच येतं. फक्त तोपर्यंत हायड्रा बुक झालेली असते.